हरणाच्या आवाजात

एल्डर बेमध्ये कुणाला हरीण मिळालं, की घरी जायच्या आधी तो रुडी हार्यूच्या गॅरेजसमोर गाडी थांबवी. रुडी हात पुसत बाहेर येई. गाडीत मागे टाकलेलं जनावर बघे. बाण जिथून आत गेला ती जागा बघे, जिथून बाहेर पडला ती बघे. मग म्हणे, "बरा लागलाय." कधी काहीच म्हणत नसे. तसं झालं की शिकारी खाली मान घालून उभा राही. हरणाला मरायला वेळ लागला होता, आणि ते रुडीला कळलं होतं.

सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या गावात रुडीने उमेदीची सारी वर्षं रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारण्यात घालवली. शाळा भरणार की नाही हे रेडिओने सांगायच्या आधी लोक खिडकीशी जाऊन बघत, रुडीच्या गाडीचे पिवळे दिवे गेले का. आता तो निवृत्त झाला होता. तरी बर्फ पडला की पहाटे उठून बसे.

माणूस अबोल. मार्लीस, त्याची बायको, सांगायची, "लग्न केलं तेव्हा वाटलं लाजतोय. नंतर कळलं, याचं बोलून संपलंय." हरणाचा आवाज मात्र त्याच्यासारखा कुणाला काढता येत नसे. चर्चच्या तळघरात जेवणं असली की पोरं त्याच्यामागे लागत. तो हाताची ओंजळ तोंडाशी धरी आणि घशातून नराचं घुरकणं काढी. मग मादीचं बारीक ओरडणं. मग पिल्लाचं. बायका म्हणत, जेवताना नको रे. गावात रुडीच्या बोलण्यापेक्षा त्याचं घुरकणं जास्त लोकांनी ऐकलं होतं.

नोव्हेंबरात, बंदुकवाल्यांचा हंगाम सुरू होण्याच्या आधीचा आठवडा, तो आणि त्याचे दोन मित्र धनुष्यं घेऊन कॅम्पवर जात. कॅम्प म्हणजे डांबरी कागद ठोकलेली एक खोली, एक शेगडी, आणि बाजूला सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची लाकडी खोपटी. खोली रुडीच्या बापाने बांधलेली. सौना त्याहून जुना, कारण बापाने आधी तो बांधला आणि खोली होईपर्यंत त्यातच राहिला.

मित्रांपैकी ड्वेन टर्व्हो शाळेची बस चालवायचा. गुडघा गेल्यापासून तो मचाणावर चढत नसे. स्वयंपाक करी आणि टोमणे मारी. दुसरा क्लेम पेल्की. कागदाच्या गिरणीत यंत्रांशेजारी उभं राहून त्याचा डावा कान गेला होता. उजव्याने ऐकू येई, पण आवाज कुठून आला हे त्याला कधी सांगता येत नसे. हाक मारली की तो गोल फिरून बघे. बंदुकीने त्याने हरणं मारली होती. धनुष्याने नर मारला नव्हता, एकदाही नाही. आणि आता उजव्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरने सांगितलं होतं, त्यानंतर दोरी ओढायचं विसरा.

त्या सकाळी ड्वेनने शेगडीच्या भट्टीतून जाड पॅनकेक काढला, तुकडे केले आणि क्लेमच्या ताटलीत सगळ्यात लहान तुकडा टाकला.

"यंदा तरी काही आण रे," तो म्हणाला. "शिंगं आण असं मी म्हणत नाही. निदान लेंडी तरी आण. डबीत ठेवू, तारीख घालू."

"दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर उभा होता, तो..."

"होता ना. तेव्हा त्याच्या शिंगांना आठ फाटे होते. गेल्या वर्षी दहा झाले. तुझ्या तोंडात त्याची शिंगं बरी वाढतात."

क्लेम हसला, पण फार नाही. ड्वेनने मग क्रॉसबो घे म्हणून नेहमीची टकळी लावली. खांदा लागत नाही, नुसता चाप ओढायचा. क्लेमने नेहमीचंच उत्तर दिलं, की ती बंदूकच आहे, फक्त लाजणारी.

रुडी कॉफी पीत होता. त्याने कप ठेवला. "आज वारा चांगला आहे," तो म्हणाला. "क्लेम, तू माझ्या मचाणावर बैस."

ड्वेन काही बोलायला निघाला होता, तो थांबला. उंचवट्यावरचं ते मचाण रुडीने आजवर कुणाला दिलं नव्हतं.

"आणि तू?" क्लेमने विचारलं.

"खाली. दलदलीच्या कडेला."

"तिथे काय येणार तुझ्याकडे?"

"आलं तर तुझ्याकडे हाकलीन."

रुडीकडे मचाणाला बांधायचे दोनच नवे पट्टे होते. ते त्याने आदल्या दिवशी क्लेमच्या, म्हणजे स्वतःच्या, मचाणाला लावले होते. दलदलीकडच्या मचाणाचे पट्टे गेल्या हिवाळ्यापासून झाडावरच होते. एका पट्ट्याची कड खारींनी कुरतडली होती. रुडीने तो हाताने ओढून पाहिला. धरला. एका संध्याकाळपुरता चालेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर रुडीने त्याला कॅम्पवर परत पाठवलं असतं.

जेवण झाल्यावर ते निघाले. जमिनीवर बर्फाचा पातळ थर होता, मधेमधे पानं दिसत होती. फाट्याशी क्लेम उंचवट्याकडे वळला. रुडीने त्याला पुन्हा सांगितलं, नळी एकदा फुंक आणि गप्प बस. क्लेमला तेच जमत नसे. हरणाला बोलवायची नळी हातात आली की तो ती फुंकतच राही, आणि रानातलं हरीण त्या गोंगाटाला कंटाळून दुसऱ्या तालुक्यात जाई, असं ड्वेन म्हणे.

"एकदा," क्लेम म्हणाला. "आणि गप्प. बायबलवर हात ठेवून सांगू?"

"हात धनुष्यावर ठेव."

रुडी दलदलीकडे गेला. सीडरची झाडं तिथे दाट होती. त्याने धनुष्य आणि पिशवी दोरीच्या खालच्या टोकाला बांधली, वर गेल्यावर ओढून घ्यायला, आणि तो शिडी चढला. वर पोचल्यावर अंगावरचा पट्टा झाडाला अडकवायचा असतो. शिडीवरचा एक हात सोडून एक पाय मचाणावर टाकायचा, आणि मग अडकवायचा. त्याने पाय टाकला. कुरतडलेला पट्टा तुटला. मचाण एका बाजूला कललं. रुडी पाठीवर पडला, एका आडव्या ओंडक्यावर.

आवाज झाला. पण क्लेम तेव्हा उंचवट्यापलीकडे चालत होता, स्वतःच्या बुटांखाली पानं चुरडत, आणि त्याला एकच कान होता.

रुडी शुद्धीत होता. वर तुटका पट्टा हलताना त्याला दिसत होता. त्याने उठायचं ठरवलं. काहीच झालं नाही. त्याने पुन्हा ठरवलं. मग डोकं जरा उचलून पाहिलं, तर त्याचे पाय ओंडक्याच्या पलीकडे पडले होते, कुणी दुसऱ्याने तिथे विसरून गेल्यासारखे. एका बुटाची टाच वर होती.

त्याने हाक मारली. हाक निघाली नाही. उजव्या बाजूच्या फासळ्यांत काहीतरी खचलं होतं. श्वास अर्ध्यावर येई आणि तिथे सुरी लागे. ओठातून हवा आली, तिचा शब्द झाला नाही. क्लेम म्हणायला जेवढा वारा लागतो तेवढाही त्याच्याकडे नव्हता.

फोन पिशवीत होता. पिशवी दोरीला बांधलेली, खोडाच्या पलीकडच्या बाजूला. त्याने कोपरांवर सरकायचा प्रयत्न केला. डोळ्यांपुढे काळं आलं. पुन्हा दिसायला लागलं तेव्हा तो तिथेच होता, आणि तोंडात रक्ताची चव होती. दलदलीत फोन तसाही लागत नसे.

त्याने हिशोब मांडला, जनावर बघताना मांडायचा तसा. पाठ गेली. फुप्फुसाला भोक पडलं असेल. थंडी वाढणार. अंधार पडला की क्लेम खाली उतरेल आणि उंचवट्यावरून सरळ रस्त्याकडे जाईल. इकडे येणार नाही. रुडी फाट्यावर नाही आला तर ते म्हणतील, याने बाण मारलाय, हरणाला मरायला वेळ देतोय. जखमी हरणाच्या मागे लागून त्याला पळवायचं नाही. दुसऱ्याच्या मचाणाकडे फिरकायचं नाही. हा कॅम्पचा नियम होता. तो रुडीनेच घातला होता. एकदा ड्वेनने मोडला, तर रुडी त्याच्याशी ख्रिसमसपर्यंत बोलला नव्हता.

ते वाट बघतील. सौना तापवतील. त्याच्या वाटचं ताट झाकून ठेवतील.

मग त्याच्या हाताला नळी लागली. ती गळ्यात होती, नेहमीच असायची. तिला फार वारा लागत नाही. हरणाचं घुरकणं लहान असतं.

त्याने नळी तोंडात धरली आणि फुंकली. आवाज निघाला. खोल, आखूड, घशातला. इतका खरा, की जवळच्या झुडपातली चिमणी चूप झाली. रुडी थांबला. पुन्हा फुंकली. क्लेमला ऐकू जाणार, हे नक्की होतं. वारा क्लेमच्या दिशेने वाहत होता.

उंचवट्यावरून उत्तर आलं.

एकच घुरकणं. मग शांतता.

रुडीच्या डोळ्यांत पाणी आलं. ऐकलं होतं. क्लेमने ऐकलं होतं. रुडी पुन्हा फुंकू लागला, मग त्याचा हात हळूहळू थांबला. त्याला कळलं. क्लेमने रुडीला उत्तर दिलं नव्हतं. हरणाला दिलं होतं. क्लेम आता वर बसला असेल, बाण दोरीला लावून, तोंड अर्धं उघडं, पापणी न हलवता. एकदा फुंकली आणि गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो सांगितल्यासारखं वागत होता.

आवाज कुठून आला हे त्याला कळणार नाही. दोन कान असते तर कदाचित म्हणाला असता, अरे, हे तर रुडीच्या झाडाखालून. एका कानाला रान सगळीकडून सारखंच.

रुडीने विचार केला, हरीण करणार नाही असं काहीतरी करायचं. त्याने नळी फुंकली आणि फुंकतच राहिला. एकामागून एक, मधे न थांबता, श्वास पुरेल तितकं. शहाणं हरीण असं ओरडत नाही. मग त्याच्या लक्षात आलं, की ओरडतं. मादीच्या मागे लागलेला, माजावर आलेला नर असाच घुरकत धावतो, पावलागणिक. क्लेमला हे त्यानेच शिकवलं होतं. सांगितलं होतं, हा आवाज ऐकलास की समज, तुझा दिवस आला.

त्याने एक काटकी शोधली आणि खोडावर मारली. तीन ठोके, थांबून तीन. माणूस मारील तसे. पण हातात जोर नव्हता. काटकी घासत गेली, साल निघाली. तो आवाज त्याने स्वतःच ऐकला आणि काटकी टाकून दिली. शिंगं झाडावर घासणाऱ्या नराचा आवाज होता तो, हुबेहूब.

तो काहीही करू दे, त्याचं हरीणच होत होतं.

उजेड पिवळा झाला, मग राखाडी. थंडी बोटांतून वर येऊ लागली. कमरेखाली ती लागत नव्हती, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. खिशात कागदाचा रोल होता. हरणाच्या रक्ताची वाट सोडायची नाही म्हणून झुडपांना त्याचे पांढरे तुकडे लावतात. तो काढून हलवावा असं त्याच्या मनात आलं. त्याने हात खिशाकडे नेला आणि परत आणला. पांढरं काही हलवायचं नाही. हरणाची शेपटी पांढरी असते, शिकारी तिच्यावरच नेम धरतो. ही गोष्ट त्याने पोरांच्या एका पिढीला शिकवली होती.

मार्लीसची त्याला आठवण आली. ती आज चर्चमध्ये मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी करायला गेली असेल, बायकांबरोबर, कणीक मळत. ती त्याला म्हणायची, तू मेलास तर मला कुणी सांगायच्या आधी कळणार नाही, तुझ्या असण्यात आणि नसण्यात आवाजाचा फरकच नाही. ती गंमतीत म्हणायची. रुडी पडल्या पडल्या त्या वाक्याशी झगडत राहिला. त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं. काय सांगायचं ते मात्र सुचेना, आणि त्याला वाटलं, मरताना तरी सुचायला हवं होतं.

उंचवट्यावरून पुन्हा एक घुरकणं आलं. मऊ, विनवणीचं. ये ना, म्हणत होतं.

तेव्हा रुडीला समजलं. जोवर तो बोलावतोय, तोवर क्लेम झाडावरून उतरणार नाही. बोलावणंच क्लेमला वर बांधून ठेवतंय. क्लेमला खाली आणायचं असेल तर त्याची शिकार मोडली पाहिजे.

हरीण बिथरलं की नाकातून फुत्कारतं. जोराने, एकदाच, सगळं रान ऐकेल असं. तो आवाज झाला की संपलं. शिकाऱ्याला कळतं, आपला वास लागला, आज काही मिळणार नाही. मग तो शिव्या देत खाली उतरतो.

नळीतून तो निघत नाही. त्याला छातीभर वारा लागतो.

रुडी जरा पडून राहिला. क्लेम आता काय बघत असेल ते त्याला माहीत होतं. झाडांच्या मधली ती जागा, जिथून नर बाहेर येईल. इतकी वर्षं. शेवटचं वर्ष. त्या जागेवर त्यानेच त्याला बसवलं होतं, आणि आता तेच काढून घ्यायचं होतं. असा विचार करावा ही वेळ नव्हती. तरी त्याने केला.

मग त्याने श्वास आत ओढला. जिथे सुरी लागत होती तिथे थांबला नाही, पुढे ओढला. आणि दात आवळून, नाकातोंडातून सगळा एकदम सोडला.

फुत्कार रानातून गेला. त्याच्यामागून खोकला आला, तोंडात गरम रक्त आलं, आणि ते मानेवरून खाली ओघळलं. तो गुदमरला. मान वळवली. पुन्हा थोडी हवा मिळाली.

उंचवट्यावर शांतता. मग क्लेमचा आवाज, मोठ्याने, लपवायची गरज उरली नव्हती म्हणून. "पळाला. पळाला साला."

लोखंडी कडी वाजली. शिडीवर बूट वाजले. रुडी ऐकत राहिला. पावलं उंचवट्यावरून निघाली. ती रस्त्याकडे निघाली होती. पानांचा आवाज लांब जाऊ लागला. रुडीने हात उचलून पानांवर आपटला. त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही.

पावलं थांबली.

पुढे क्लेम का वळला ते रुडीला नंतर ड्वेनकडून कळलं. क्लेमने त्याला सांगितलं होतं. त्याला वाटलं, रिकाम्या हाताने गेलो तर हे पुन्हा माझ्या तोंडातली शिंगं मोजणार. इतका मोठा नर होता. खुराचा ठसा तरी असेल बर्फात. त्यावर पाच बोटं ठेवून फोनने फोटो काढू.

म्हणून तो रुडीचा नियम मोडून, अंधार पडायच्या आधी, दलदलीकडे उतरला. ठसे शोधत, वाकून, थांबत. आणि शिकारीच तो, म्हणून बाण दोरीला लावलेला.

रुडीला आधी त्याचे पाय दिसले, सीडरच्या खोडांमधून. मग सगळा क्लेम. त्याने डोकं वळवलं. पानं वाजली.

क्लेम थिजला.

रुडीच्या अंगावर पानांच्या रंगाचे कपडे होते. डोक्यावर तपकिरी लोकरी टोपी. तो ओंडक्याआड पडला होता, झुडपात बसलेल्या हरणाएवढा. उजेड एवढाच उरला होता, की आकार दिसावा आणि वस्तू दिसू नये. क्लेमने धनुष्य उचललं. हळू, अगदी बरोबर, जसं शिकवलं होतं तसं. दोरी गालापर्यंत आणली. त्या दुखऱ्या खांद्याने ती इतकी सफाईने ओढलेली रुडीने कधी पाहिली नव्हती.

हललो तर मारील. नाही हललो तर नीट नेम धरून मारील.

रुडीने नळी तोंडापासून केव्हाच काढली होती. त्याने ओठ हलवले. क्लेम. हवाच निघाली, वाफ होऊन. वाफ तर हरणाच्याही तोंडातून निघते.

त्याला बाणाचं पातं दिसत होतं. ते त्याच्याकडे बघत होतं. तो विचार करत राहिला, की क्लेम आता पुढच्या पायामागची, काळजाची जागा शोधत असेल. तीच शोध असं शिकवलंय. ती दिसल्याशिवाय सोडू नको, असंही शिकवलंय. हे दुसरं त्याला आठवत असेल का? इतकी वर्षं थांबलेला माणूस दुसरी गोष्ट आठवतो का?

क्लेम शोधत होता. पातं जरा डावीकडे गेलं, जरा खाली. मग ते एका जागी थांबलं. तिथे बूट होता, टाच वर असलेला.

पातं थरथरू लागलं. खांदा हरला म्हणून, की क्लेमला कळलं म्हणून, ते रुडीला ओळखता आलं नाही. धनुष्य हळूहळू खाली आलं. बाण सुटला नाही.

क्लेम थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. बाण दोरीवरून काढला आणि भात्यात नीट खोचला, बाकीच्या बाणांत. त्यानंतर तो म्हणाला, "रुडी?" आणि धावत आला.

त्याने स्वतःचं जाकीट काढून रुडीवर घातलं. त्याच्या तोंडावरचं रक्त बाहीने पुसलं. तो बोलतच राहिला, एका दमात. मुकाट पड, हलू नको, लेका, काय करून घेतलंस हे, मी बोलावतो ड्वेनला, मी बोलावतो सगळ्यांना. फोन लागायला त्याला उंचवट्यावर जायला हवं होतं. रुडीने त्याची बाही धरली होती. क्लेमने एकेक बोट सोडवलं.

"येतो मी. आईची शपथ, येतो. तू फक्त श्वास घे. दुसरं काही करू नको. इतकंच काम दिलंय तुला."

तो आला. नंतर गावचे लोक आले, आगीच्या बंबावर काम करणारे, सगळे ओळखीचे. त्यांनी रुडीला फळीवर बांधलं. दलदलीतून स्ट्रेचर जाईना, म्हणून फळी ड्वेनच्या प्लास्टिकच्या घसरगाडीत ठेवली. मेलेलं हरीण ज्या गाडीतून ओढून आणतात, तिच्यात ते रुडीला घेऊन निघाले. ड्वेन, गुडघा गेलेला, दोरीला पुढून लागला होता. कुणीतरी त्याला बाजूला व्हायला सांगितलं, तर तो म्हणाला, "माझी गाडी आहे." त्या सगळ्या वाटेत त्याने एवढंच वाक्य उच्चारलं.

रुडी जगला. पाय गेले.

शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मार्लीसला समजावून सांगितलं. पाठीच्या मणक्यात सूज चढते, ती आतल्या नसा दाबते, आणि अशा वेळी लवकर येण्याला फार महत्त्व असतं. हे बरेच तास तसेच पडून होते ना? मार्लीस हो म्हणाली. क्लेम तिच्या मागे उभा होता, कॉफीचे दोन कप घेऊन. त्याचा चांगला कान डॉक्टरीणबाईंकडे होता.

तो त्या दिवशी रुडीच्या खोलीत आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ड्वेन आला, गावातल्या बायकांनी दिलेल्या पेस्टी घेऊन. म्हणाला, क्लेमने धनुष्य विकायला काढलंय, आणि कुणी घ्यायला आलं तर दार उघडत नाही.

मग एका दुपारी क्लेम आला. टोपी हातात धरून. खुर्चीवर बसला नाही, कडेला टेकला. हवामानाबद्दल बोलला. बंदुकवाल्यांना यंदा फारसं काही मिळालं नाही म्हणाला. रुडीच्या गॅरेजसमोर तरीही लोक गाडी थांबवून जातात, मार्लीस घरी असली की आतून हात हलवते, असंही सांगितलं. मग टोपी हातात गोल फिरवत राहिला. मार्लीस ते बघत होती. ती उठली, आणि नर्सशी काही बोलायचंय म्हणून बाहेर गेली.

क्लेम चादरीकडे बघत होता, जिथे रुडीचे पाय होते.

"तो नर," तो म्हणाला. "त्या दिवशी घुरकत होता तो. तू खाली पडलेला असताना." त्याने घसा खाकरला. "तू पण ऐकलास ना?"

रुडीला आता बोलता येत होतं. थोडं थोडं, थांबून. त्याने क्लेमच्या तोंडाकडे पाहिलं. एवढ्याशा दिवसांत ते तोंड म्हातारं झालं होतं. दाढी वाढली होती, आणि ओठ असे धरलेले, की आतलं काही बाहेर येऊ नये.

खरं सांगितलं तर एका वाक्याचं काम होतं.

"ऐकला," रुडी म्हणाला.

"होता ना?"

"होता. माझ्याजवळूनच गेला."

क्लेमने श्वास सोडला. पण तो तेवढ्यावर थांबेना. "मग फुत्कारला तो. कशाला बिथरला असेल रे?"

"माझ्या वासाने. मी पडलो होतो ना वाऱ्यात."

"कुठे पळाला?"

रुडीने विचार केला. दलदल डोळ्यांपुढे आणली. "उत्तरेकडे. ओढ्याच्या बाजूला."

"मोठा होता?"

"मोठा होता."

क्लेम मान डोलावत राहिला. मग त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. त्याने ते खरं मानलं की नाही, हे रुडीला कळलं नाही. पुन्हा कधी कळणारही नव्हतं, कारण क्लेम यानंतर ते विचारणार नव्हता, आणि रुडीही बाणाबद्दल विचारणार नव्हता.

"शिंगं किती फाट्यांची?" हातांआडून क्लेमने विचारलं.

"ती दिसली नाहीत," रुडी म्हणाला. "अंधार होत होता, क्लेम. मला नीट दिसलं नाही."